गाडीचं अपडेट टाळायला सांगणारा मेसेज चुकीचा आहे

इंटरनेट जोडलेल्या गाड्यांबद्दल एक मेसेज बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. ‘2015 साली अमेरिकेत हॅकरांनी 14 लाख जीप ताब्यात घेतल्या. गाडीचं सॉफ्टवेअर अपडेट घेऊ नका, व्हायरस त्यातूनच येतो. गाडीचं नेट बंद ठेवलं की चोर काही करू शकत नाही.’ यातली भीती खोटी नाही, पण सल्ला घातक आहे.

आधी जीपचं बघू. 14 लाख हा आकडा कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावलेल्या गाड्यांचा आहे. हॅक करून दाखवली ती एक जीप चेरोकी, आणि आपली गाडी हॅक होणार हे चालवणाऱ्या पत्रकाराला आधीच माहीत होतं. गाडी सेंट लुईसच्या हायवेवर होती. चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक हे संशोधक घरी लॅपटॉप उघडून बसले होते. एसी फुल झाला, रेडिओ किंचाळू लागला, वायपर सुरू झाले आणि मग ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी वेग घेईना. स्टिअरिंग मात्र तेव्हा त्यांना फक्त रिव्हर्समध्ये फिरवता येत होतं. ते शिरले डॅशबोर्डवरच्या स्क्रीनच्या मोबाइल कनेक्शनमधून आणि तिथून पोचले कॅन बसवर, म्हणजे गाडीच्या आतल्या नेटवर्कवर. आदेश नक्की कोणाकडून आला हे कॅन बस तपासतच नाही. खरं दुखणं हे आहे, आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही.

आता अपडेट. त्या जीपना इंटरनेटवरून अपडेट पाठवायची सोय नव्हती, म्हणून कंपनीला मालकांच्या घरी पेनड्राइव्ह धाडावे लागले. पुढच्याच वर्षी टेन्सेंट या चिनी कंपनीच्या कीन लॅब या सुरक्षा-संशोधन गटाने टेस्ला मॉडेल एसचे ब्रेक दुरून लावून दाखवले. टेस्लाने सुमारे दहा दिवसांत दुरुस्ती थेट गाड्यांमध्ये उतरवली, शिवाय कोड कंपनीचाच आहे हे सांगणारी डिजिटल सही तपासल्याशिवाय तो बसणार नाही अशी सोय केली. अपडेट नाकारणं म्हणजे सगळ्यांना ठाऊक झालेलं भोक तसंच उघडं ठेवणं. टाळायचंच असेल तर कुठल्यातरी अनोळखी साइटवरून उतरवलेलं अपडेट टाळा.

नेट बंद ठेवून चोरी थांबते? 2022 मध्ये लंडनला एका वाहन-सुरक्षा संशोधकाचीच टोयोटा रॅव्ह4 चोरीला गेली. चोरांनी हेडलाइटच्या वायरिंगमधून कॅन बस गाठली होती. त्यात इंटरनेटचा काही संबंध नव्हता.

आणि 2024 चं किया प्रकरण तर मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नसावं. अमेरिकेत संशोधकांनी नुसत्या नंबरप्लेटवरून गाडीचं लॉक उघडता येतं, ती कुठे आहे हे बघता येतं आणि मालकाचा फोन-पत्ताही काढता येतो, हे सिद्ध केलं. दोष कंपनीच्या वेबसाइटमध्ये होता. कंपनीने तो दुरुस्त केला.

म्हणून गाडीच्या मोबाइल ॲपच्या खात्याकडे लक्ष द्या: वेगळा पासवर्ड ठेवा, ओटीपीची सोय असेल तर चालू करा. जुनी गाडी घेताना आधीच्या मालकाचं खातं तिच्यावरून काढलंय का, हे त्याच्या समोरच तपासा. नवी घेत असाल तर सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळतील, हे शोरूमकडून लेखी घ्या.