नको ते रकाने

मंगळवारी सकाळी मालक दुकानात आले ते तीन कागद हातात धरूनच. तिन्ही कागद चिकटपट्टीनं एकमेकांना जोडलेले. माझ्या टेबलावर त्यांनी ते पसरले, तर शेवटचं टोक हळदीच्या नमुन्याच्या ताटात पडलं आणि पिवळं होऊन आलं.

"दिवाणजी, हा तक्ता हाय का मांडवातली पताका?"

आठवड्याच्या आवकीचा तक्ता होता. पहिल्या कागदावर शेतकऱ्याचं नाव-गाव, दुसऱ्यावर पोती आणि वजन, तिसऱ्यावर रक्कम. चिकटवताना तिसरा कागद एक ओळ वर सरकलेला. त्यामुळं १२ पोत्यांच्या धन्यासमोर ४० पोत्यांचे पैसे आले. तो माणूस एरवी दरावरून तासभर हुज्जत घालतो. काल म्हणे हसत हसत चहा पिऊन गेला. ४० पोत्यांचा धनी मात्र सकाळपासून आमच्या पायरीवर बसून होता, आणि तो हसत नव्हता.

"नको ते रकाने काढून टाका. सगळं एका पानात बसलं पायजे."

"दोन मिनिटांचं काम आहे, मालक," मी म्हणालो. हे वाक्य मी याआधी दोनदाच बोललोय. एकदा घरचा गॅसचा रेग्युलेटर बदलताना आणि एकदा मिरज स्टेशनावर रिझर्वेशनच्या रांगेत उभा राहताना. दोन्ही वेळा घरी जेवण गार झालं होतं.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी दिवाणजी. २००५ च्या महापुराच्या आदल्या वर्षी लागलो. तेव्हा वही होती. मालकांचे वडील, थोरले आण्णा, रूळ फिरवून लाल शाईनं रकाने आखायचे. पानावर सात रकाने बसायचे, आठवा हवा असेल तर कुणाचं तरी पोट आवळायला लागायचं. म्हणून आठवा कुणी मागायचाच नाही. कॉम्प्युटर आला आणि उजवीकडची भिंतच पडली. जो आला त्यानं एक रकाना घालून ठेवला. बारदान (रिकाम्या पोत्याचं वजन), ओलावा, तोलाई, हमाली, तालुका, जिल्हा, मोबाईल, दुसरा मोबाईल. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या आनंदात कुणीतरी 'मानांकन' असाही रकाना घातला. त्यात आजवर एकाच ओळीत 'हो का?' एवढंच लिहिलंय, आणि अक्षर कॉम्प्युटरचं असल्यामुळं लिहिणारा सापडत नाही. शेवटी 'शेरा' आणि त्याच्याही शेवटी 'शेरा २'. शेरा २ मध्ये काय लिहायचं ते कुणाला ठाऊक नाही, पण पहिला भरला तर पंचाईत नको.

एकूण २७. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा देतात, ४५ ला धोका. आमच्या तक्त्याला तसला दगड कुणी लावलाच नाही.

कामाला बसलो. हिशेबाचा प्रोग्रॅम ज्यांचा आहे त्यांचं नाव घेत नाही, कारण वर्षाची वर्गणी आम्ही अजून भरलेली नाही. तक्ता उघडला आणि 'रकाना काढा' असं बटण शोधायला लागलो. वर नाही, खाली नाही. छापायचं होतं, पाठवायचं होतं, रंग बदलायचं तर चार ठिकाणी होतं. मग एका ओळीवर राइट क्लिक केलं आणि 'डिलीट' दिसलं. हर्षानं दाबलं. त्यानं विचारलं, 'ही नोंद कायमची काढायची?' मी एक रकाना काढायला निघालेलो आणि तो तासगावचा एक अख्खा शेतकरी काढायला बसलेला. दोन्ही हात माऊसवरून उचलून घेतले. काही वेळानं एकच बोट खाली नेऊन 'नाही' म्हणालो.

फोन लावला. पलीकडचा मुलगा समजूतदार होता.

"काका, हेडरवर राइट क्लिक करा."

"केलं."

"कॉलम चूझर दिसतंय?"

दिसत होतं. दाबलं. काहीच झालं नाही. बऱ्याच वेळानं कळलं, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली घड्याळाच्या डोक्यावर, काडेपेटीएवढी एक खिडकी उगवली होती. ती रिकामी. "आता नको तो कॉलम त्याच्या नावाला धरून ओढा आणि तिथं नेऊन सोडा."

ओढा म्हणणं सोपं आहे. माझा माऊस २०१९ च्या पुरातून वाचलेला. त्याचं डावं बटण मधेच सुटतं. 'बारदान'ला कानाला धरून उचललं. तो माझ्या बाणाला लोंबकळत निघाला, 'तोलाई'वरून, 'हमाली'वरून, आणि तक्त्याच्या बाहेर पडल्याबरोबर त्याच्यावर काळी फुली आली. म्हणजे आता सोडा. पण फुली यायच्या आधीच बटण सुटलं, तर तो तिथंच, ज्याच्या डोक्यावर होता त्याच्या शेजारी मांडी घालून बसला. अर्ध्या तासात बारदान नावाच्या शेजारी, रक्कम तालुक्याच्या आधी आणि शेरा २ सगळ्यांच्या पुढं येऊन बसला. एकही गेला नाही, नुसती जागांची अदलाबदल. नगरपालिकेत चालते तशी.

दुपारी पोऱ्याचा माऊस उसना घेतला आणि एकेकाला त्या काडेपेटीत कोंबलं. संध्याकाळी १४ उरले. पान आडवं करून छापलं. एका पानात बसलं! मालकांना दाखवलं, घरी गेलो, गरम जेवलो.

बुधवारी सकाळी प्रोग्रॅम उघडला तर सगळे २७ जण हजर. दसऱ्याला आलेले पाहुणे दुसऱ्या दिवशीही आंघोळीला पाणी मागतात तसे. फोनवर मुलगा म्हणाला, "काका, बंद करायच्या आधी लेआऊट सेव्ह केला नव्हता का?" हे त्यानं मंगळवारी सांगितलं असतं तर माझा त्याच्याबद्दलचा आदर टिकला असता.

म्हणून म्हटलं, तक्ता एक्सेलमध्ये काढून घ्यावा. एक्सेल मला येतं, असा माझा समज होता. रकाना निवडला, कीबोर्डावरचं डिलीट दाबलं. आतला मजकूर गेला, रकाना तिथंच. पंगत उठली, पत्रावळी तशाच. पोऱ्या मागून बघत होता. बारावी नापास पोरगा, पण कॉम्प्युटरसमोर त्याच्या आवाजात मास्तर येतो. "तसं न्हाई ओ. वरच्या अक्षरावर क्लिक करा, मग कंट्रोल आणि वजा." कंट्रोल आणि वजा. बारदान खरोखरच नाहीसा झाला. तेवढ्यानं एक्सेलचं काही बिघडत नाही म्हणा. त्याच्या पानावर रकाने १६,३८४. पुढचा एक काढला की मागं एक नवा येऊन उभा राहतो, आकडा हलत नाही. २००७ च्या आधी २५६ च असायचे. तेवढ्यात जग चालत होतं.

आनंद क्षणभरच. निव्वळ वजन म्हणजे एकूण वजनातून बारदान वजा. वजा करायचं तेच गेल्यावर त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत '#रेफ! #रेफ! #रेफ!' उमटलं. ज्याच्यावर हिशेब टेकला होता तो खांबच नाही, असा त्याचा अर्थ. शाळेत रेफ शिकलो होतो, अक्षराच्या डोक्यावर चढतो तो: सूर्य, पर्वत, कर्ज. माझ्या डोक्यावर चढायला त्यानं इतकी वर्षं घेतली.

कंट्रोल झेड. बारदान परत.

मग जपून, दुसऱ्या पानावरच्या मूळ यादीतला 'तालुका' काढला. त्याच्यावर कुणाचा हिशेब टेकलेला नव्हता. रेफही आला नाही. छापलं आणि रुबाबात मालकांसमोर ठेवलं. मालकांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला.

"दिवाणजी, ह्या १२ पोत्याला काय दर लावला म्हणायचा आपण?"

त्या धन्यासमोर ९८० कोटी रुपये होते आणि वर काही लाख. खाली ३८ शेतकऱ्यांची बेरीज ३० हजार कोटींच्या पुढं. "एवढ्यात सांगली येईल की ओ विकत," मालक म्हणाले. "मिरज-कुपवाड सकट."

झालं होतं ते असं. रक्कम त्या दुसऱ्या पानावरून आणायला व्हीलुकअप नावाचं सूत्र घातलेलं. ते शेतकऱ्याला नावानं शोधतं, पण त्याच्या ओळीतून उचलताना घरं मोजतं: डावीकडून सातवं. तालुका गेल्यावर सगळे एकेक घर डावीकडं सरकले, सूत्र मात्र सातव्यावर ठाम. आणि सातव्या घरात आता राहायला आला होता मोबाईल नंबर.

"काढताय कशाला?" पोऱ्या म्हणाला. "लपवा की. राइट क्लिक, हाइड." एवढं साधं तो दोन दिवस पोटात ठेवून बसला होता. लपवलेला रकाना दिसत नाही, छापत नाही, हिशेब मात्र बिनबोभाट चालतो. वरची अक्षरं तेवढी चुगली करतात: ई नंतर एकदम एच. आमच्या घरी पाहुणे यायच्या आधी ट्रंका पलंगाखाली सरकवतात आणि चादर जमिनीपर्यंत ओढतात, ते हेच. १५ रकाने लपवले. बारा राहिले. एक पान. मालक खूश.

मग एकेक जण यायला लागला. हमालांच्या मुकादमानं कागद उलटा करून मागची बाजूही बघितली. "आमची हमाली कुठं गेली?" आत आहे, लपवलीय, असं सांगितलं. हमाली लपवली हे शब्द यार्डात मोठ्यानं बोलायचे नसतात, हे मला त्या क्षणी कळलं. हमाली बाहेर आली. पाठोपाठ तोलाई, ती एकटी राहत नाही.

दुपारी झोप काढून गावभागातनं थोरले आण्णा आले. गादीवर बसले, कागद नाकाजवळ धरला, बोटानं एकेक रकाना चाचपत उजवीकडं गेले.

"पेव कुठाय?"

'पेव क्रमांक' हा रकाना २७ मधला सगळ्यात रिकामा. माझ्या यादीत लपवायला पहिला नंबर त्याचाच होता. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं हळदीचं कोठार; तोंड माणूस उतरेल एवढंच, आत पोट मोठं. आमच्या शेजारच्या हरिपूरची पेवं नावाजलेली. आत ठेवलेली हळद वर्षानुवर्षं टिकायची. उघडल्यावर लगेच कुणी उतरायचं नाही, आधी कोंडलेली हवा बाहेर जाऊ द्यायची. २००५ ला कृष्णेचं पाणी शिरलं आणि बरीच पेवं कायमची बाद झाली. आमचा माल तेव्हापासून गोदामात.

"आण्णा, त्यात काहीच नाही. वीस वर्षांत एक आकडा पडलेला नाही."

"मग नाव तरी दिसू द्या की त्याचं."

ई आणि एचच्या मधल्या जाड रेषेवर राइट क्लिक केलं, अनहाइड. पेव आला. त्याच्या बाजूचा शेजारीही आला. पान पुन्हा दोनावर गेलं. ते आण्णांसाठी वेगळं छापलं, चिकटपट्टीनं जोडलं. या खेपेला ओळी जुळवून.

आण्णांनी खिशातलं पेन काढलं. रिकाम्या रकान्यावर वरून खाली बोट नेलं, थांबले, आणि एका नावापुढं लिहिलं: ४०. आणखी खाली गेले. ११२. मग बराच वेळ छताकडं बघून, ११३. "ह्याच्या आज्याची दोन होती. शेजारी शेजारी." असे सात आकडे झाले. पेनाला टोपण लावून कागद माझ्याकडं सरकवला.

"एवढं कॉम्प्युटरात घाला, दिवाणजी. दोन मिनिटांचं काम हाय."