गुप्तचर यंत्रणा 'मोकळी' सोडायची म्हणजे कोणाच्या हाती द्यायची?

एक संदेश गेले काही महिने सगळीकडे फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच: "अमेरिकेने १९७५ मध्ये सीआयएची संसदीय चौकशी केली, हेरांचे हात बांधले आणि त्याचं फळ ११ सप्टेंबर २००१ ला मिळालं. खासदारांना गुपितं सांगितली की ती फुटतातच. दुरुपयोग करतो तो एखादा नेता, यंत्रणेचा त्यात दोष नसतो. विरोधकांवर थोडी पाळत राहिली म्हणून देशाचं काही बिघडत नाही. आणि जिथे सुधारणा झाल्या तिथेही दुरुपयोग थांबला नाही. म्हणून गुप्तचर यंत्रणेला मोकळं सोडा."

यातलं सगळंच खोटं नाही, म्हणून एकेक मुद्दा घेऊन बोलायला हवं. पण मुळातच एक गृहीतक चुकलेलं आहे. कायदा आणि देखरेख काढून घेतली की यंत्रणा मोकळी होते, असं हा संदेश धरून चालतो. तशी ती होत नाही. तिच्या प्रमुखाची नेमणूक, बदली, बढती आणि पैसा ज्याच्या हातात असतो त्याचा एकट्याचा हुकूम तिच्यावर उरतो.

आधी १९७५. परदेशातल्या हेरगिरीसाठी असलेली सीआयए स्वतःच्याच देशातल्या नागरिकांवर पाळत ठेवत असल्याची बातमी २२ डिसेंबर १९७४ ला 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये सीमोर हर्श यांनी दिली. त्यानंतर सिनेटने फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीसमोर आलेल्या गोष्टी भयंकर होत्या. देशाबाहेर जाणाऱ्या-येणाऱ्या तारांच्या प्रती तार कंपन्या १९४५ पासून तीस वर्षं सरकारी हेरखात्याला पुरवत होत्या. सीआयए नागरिकांची पत्रं फोडून वाचत होती. देशांतर्गत तपास करणाऱ्या एफबीआयने १९६४ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे मार्टिन ल्यूथर किंग यांना एक निनावी पत्र पाठवलं होतं, सोबत चोरून केलेलं ध्वनिमुद्रण. जीव देण्यावाचून तुला गत्यंतर नाही, असा त्या पत्राचा रोख होता. यातलं काय देशाच्या रक्षणासाठी होतं, हे संदेश पाठवणाऱ्यांनी सांगावं.

या चौकशीतून दोन मोठ्या गोष्टी झाल्या. १९७६ मध्ये सिनेटची कायमस्वरूपी गुप्तचर समिती आली, आणि १९७८ च्या कायद्याने देशांतर्गत हेरगिरीसाठी एका विशेष गोपनीय न्यायालयाची परवानगी लागू लागली. 'हात बांधले' ते हे. आता २००१ कडे पाहू. हल्लेखोरांपैकी दोघं जानेवारी २००० मध्ये क्वालालंपूरच्या बैठकीला हजर होते, हे सीआयएला माहीत होतं. एकाकडे अमेरिकेचा व्हिसा आहे, हेही कळलं होतं. तरी त्यांची नावं निगराणी यादीत गेली ती ऑगस्ट २००१ च्या अखेरीस. ती नावं यादीत घालायला सीआयएला कोणत्याही कायद्याची आडकाठी नव्हती. ६ ऑगस्ट २००१ च्या टिपणातून 'बिन लादेन अमेरिकेत हल्ला करण्याच्या निर्धारात आहे' असा इशारा खुद्द राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोहोचला होता.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. गुप्तवार्ता आणि गुन्हे तपास यांच्यात अमेरिकेत एक 'भिंत', म्हणजे एका बाजूची माहिती दुसरीला देण्यावरचं बंधन, उभी राहिली होती, आणि एफबीआयचे अधिकारी तिच्यामुळे अडले, हे खरं आहे. ती १९७८ च्या कायद्याचा अर्थ लावता लावता वाढत गेली. पण ११ सप्टेंबरच्या चौकशी आयोगाने म्हटलं की १९९५ चे याबाबतचे नियम अधिकाऱ्यांनी चुकीचे समजून घेतले आणि चुकीचे वापरले. नोव्हेंबर २००२ मध्ये त्या गोपनीय न्यायालयाच्या वरच्या पीठाने सांगितलं की मूळ कायद्याने अशी भिंत कधी मागितलीच नव्हती. दोष देखरेखीचा नव्हता, वाईट वाचनाचा होता. तो दुरुस्त करायला देखरेख मोडावी लागत नाही.

खासदारांकडून गुपितं फुटतात, या दाव्यासाठी हमखास दिलं जाणारं उदाहरण म्हणजे डिसेंबर १९७५ मध्ये अथेन्समध्ये झालेली सीआयएचे केंद्रप्रमुख रिचर्ड वेल्श यांची हत्या. तिचं खापर तेव्हाच चर्च समितीवर फोडलं गेलं. प्रत्यक्षात वेल्श यांचं नाव समितीने फोडलं नव्हतं. ते आधीच छापून आलं होतं, आणि ज्या घरात ते राहत होते ते सीआयएच्या प्रमुखाचं घर म्हणून अथेन्समध्ये ठाऊक होतं. खरी मोठी फितुरी कुठून झाली? ब्रिटनचा किम फिल्बी, सीआयएचा ऑल्ड्रिच एम्स, एफबीआयचा रॉबर्ट हॅन्सन, परदेशी हेरगिरी करणाऱ्या आपल्या 'रॉ'मधून २००४ मध्ये पळून गेलेला रबिंदर सिंग. चौघंही आतले. एकही लोकप्रतिनिधी नाही. लोकप्रतिनिधी कधीच चुकत नाहीत, असं माझं म्हणणं नाही. सिनेटर पॅट्रिक लेही यांनी एका अहवालाचा मसुदा पत्रकाराला दाखवला होता. तो मसुदा गोपनीय वर्गातलाही नव्हता, तरी १९८७ मध्ये त्यांना गुप्तचर समिती सोडावी लागली. तिथे नियम होता आणि तो पाळला गेला.

दुरुपयोग एखादा वाईट नेता करतो, तो गेला की प्रश्न मिटतो, या समजुतीने सगळ्यात जास्त नुकसान केलं आहे, कारण दर सत्तांतरानंतर ती सुधारणेची गरजच संपवून टाकते. किंग यांच्या फोनवर कान ठेवायला ऑक्टोबर १९६३ मध्ये मंजुरी दिली ती तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनी. देशांतर्गत पाळतीची मोहीम जॉन्सन यांच्या काळात सुरू झाली आणि विरुद्ध पक्षाच्या निक्सन यांच्या काळात फोफावली. वॉटरगेटचा, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातल्या घरफोडीचा, तपास रोखण्यासाठी सीआयएला पुढे करण्याची चर्चा निक्सन यांनी केली, ती २३ जून १९७२ च्या ध्वनिफितीत आहे. चर्च समितीने हा सगळा सिलसिला फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यापासूनचा म्हणून नोंदवला. दोन्ही पक्ष, अनेक राष्ट्राध्यक्ष, तीच यंत्रणा.

आपल्याकडेही चित्र वेगळं नाही. आणीबाणीनंतर तिच्यातल्या अतिरेकांची चौकशी करायला शाह आयोग बसला, आयबी (देशांतर्गत गुप्तवार्ता खातं) आणि सीबीआयच्या कामकाजाबद्दल एल. पी. सिंग समिती नेमली गेली. आयबीसाठी कायदा मात्र आला नाही. मग १९८८ मध्ये फोन टॅपिंगच्या प्रकरणात रामकृष्ण हेगडे यांना कर्नाटकचं मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. मार्च १९९१ मध्ये राजीव गांधींच्या घराबाहेर हरियाणा पोलिसांचे दोन शिपाई पाळत ठेवताना सापडले, त्यावरून काँग्रेसने रान उठवलं आणि चंद्रशेखर सरकार गेलं. आणीबाणीत भरडले गेलेले पक्ष सत्तेवर आले तरी हत्यार तसंच राहिलं, फक्त हात बदलले.

हे हत्यार आजही कसं चालतं ते पाहा. आयबीचा उगम १८८७ चा, रॉची स्थापना १९६८ ची. तिचे अधिकार काय, मर्यादा काय, तक्रार कुठे करायची, हे सांगणारा संसदेचा कायदा दोघींपैकी एकीलाही नाही. फोन टॅपिंगबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये नियम घालून दिले, त्यातून सचिवांची पुनर्विलोकन समिती आली. आदेश देणारेही कार्यकारी यंत्रणेतले, तपासणारेही तिथलेच. न्यायाधीश नाही, विरोधी पक्षाचा माणूस नाही. ही समिती दोन महिन्यांतून एकदा बसते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये नोंदवलं की दर बैठकीत तिच्यापुढे १५,००० ते १८,००० आदेश असतात. सलग आठ तास बैठक झाली तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. याला कुणी देखरेख म्हणत असेल तर मला ते मान्य नाही.

पण माझा सगळ्यात तीव्र आक्षेप आहे तो 'देशाचं काय बिघडतं' या वाक्याला. नुकसान फक्त ज्याच्यावर पाळत ठेवली त्याचं होतं, अशी कल्पना त्यामागे आहे. खरं नुकसान यंत्रणेच्या दृष्टीचं होतं. मालकाला काय आवडतं हे शोधायची सवय लागलेली यंत्रणा शत्रूबद्दलही तेच सांगू लागते.

१९४१ चा सोव्हिएत संघ घ्या. ना संसदेची समिती, ना न्यायालय, ना वृत्तपत्रं. संदेशवाल्यांना हवी आहे तितकी 'मोकळी' यंत्रणा. लष्करी हेरखात्याचे प्रमुख इव्हान प्रोस्कुरोव यांना जुलै १९४० मध्ये हटवण्यात आलं, पुढे त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांच्या आधीचे कित्येक प्रमुखही स्टालिनने संशयितांविरुद्ध चालवलेल्या 'शुद्धीकरणात' मारले गेले होते. त्यांच्या जागी आलेल्या फिलिप गोलिकोव यांना स्टालिनला काय ऐकायचं आहे ते पक्कं ठाऊक होतं. जर्मन हल्ल्याच्या बातम्या त्यांच्या टेबलावर येत होत्या, आणि तरी २० मार्च १९४१ च्या अहवालात त्यांनी निष्कर्ष काढला की या वसंतात युद्ध होणार ही शत्रूने पसरवलेली अफवा मानावी. जूनच्या मध्यात जर्मन हवाईदलाच्या मुख्यालयातल्या माणसाकडून पक्की खबर आली. स्टालिनने त्या कागदावर शिवी लिहून तो परत पाठवला. २२ जूनला हल्ला झाला. माहिती होती, हेर शूर होते, पण मधल्या साखळीतला प्रत्येक माणूस आधी स्वतःचा जीव वाचवत होता.

लोकशाहीत गोळ्या घालाव्या लागत नाहीत, तिथे हे काम निवडीने होतं. इराककडे महासंहारक शस्त्रं असल्याचं सांगून केलेल्या २००३ च्या युद्धाच्या वेळी तेच झालं. वॉशिंग्टनहून परतलेल्या ब्रिटिश हेरप्रमुखांनी २३ जुलै २००२ च्या बैठकीत सांगितलं की तिकडे युद्धाचा निर्णय झाल्यासारखाच आहे आणि गुप्तवार्ता त्या धोरणाभोवती बसवली जात आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या अणुकार्यक्रमासाठी नाहीत, असं अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे तज्ज्ञ सांगत होते. परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता विभागाने लेखी असहमती नोंदवली होती. तो आवाज मागे पडला. फिरत्या जैविक प्रयोगशाळांची कथा 'कर्व्हबॉल' या टोपणनावाच्या एका इराकी माणसाची. तो जर्मनांच्या ताब्यात होता, सीआयएने युद्धाआधी त्याला स्वतः विचारलंही नव्हतं. ती कथा अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी ५ फेब्रुवारी २००३ ला संयुक्त राष्ट्रांत जगापुढे मांडली. आपण खोटं बोललो, हे त्या माणसाने २०११ मध्ये कबूल केलं.

इथे संदेशवाल्यांचा एक प्रतिप्रश्न रास्त आहे. विश्लेषकांना धमकावून निष्कर्ष बदलायला लावले, याचा पुरावा २००५ च्या अमेरिकी आयोगाला सापडला नाही. बरोबर. पण हाताळणी म्हणजे दरडावणं, एवढाच अर्थ कुठे आहे? एकच प्रश्न दहा वेळा विचारायचा, हवं ते उत्तर देणाऱ्याला बैठकीत बोलवायचं, शंका तळटीपेत ढकलायची आणि भाषणात तळटीप गाळायची. सिनेटच्या २००८ च्या अहवालाने हेच दाखवलं की सरकारने आधार नसलेल्या, काही ठिकाणी गुप्तवार्तेशी विसंगत असलेल्या गोष्टी ठाम सत्य म्हणून सांगितल्या. हे आपल्याला आज कळतं ते देखरेख करणारी समिती होती म्हणून.

उरला शेवटचा मुद्दा: सुधारणा करूनही दुरुपयोग थांबत नाही. तो नाकारण्यात अर्थ नाही. सीआयएच्या गुप्त तुरुंगांतल्या छळाची चौकशी करणाऱ्या सिनेट समितीच्याच संगणकांत सीआयएने डोकावलं, आणि २०१४ मध्ये सीआयएच्या प्रमुखांना माफी मागावी लागली. ब्रिटनच्या संसदीय समितीचा रशियाविषयीचा अहवाल ऑक्टोबर २०१९ मध्ये पंतप्रधानांकडे गेला आणि डिसेंबरची निवडणूक उलटून गेल्यावर, जुलै २०२० मध्ये बाहेर आला. दक्षिण आफ्रिकेत तर गुप्तचर संस्थेच्या प्रमुखाने २०१८ मध्ये तिच्यावर देखरेख करणाऱ्या महानिरीक्षकाचाच सुरक्षा परवाना काढून घेतला. त्या संस्थेचा आढावा घ्यायला नेमलेल्या मुफामाडी समितीच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने सांगितलं की ती संस्था राष्ट्राध्यक्ष आणि त्यांच्या गटाच्या दावणीला बांधली गेली होती.

या तिन्ही ठिकाणी सुधारणा नेमकी कुठे अडली ते नीट पाहिलं की पुढची सुधारणा काय हवी तेही कळतं. देखरेख करणाऱ्याचा परवाना यंत्रणेच्या हातात नको. अहवाल प्रसिद्ध करण्याची तारीख पंतप्रधानांच्या मर्जीवर नको, कायद्यात लिहिलेली हवी. समितीचे कागद आणि संगणक यंत्रणेच्या इमारतीत नकोत. हेरांची नावं, परदेशातल्या मोहिमा, तांत्रिक क्षमता हे सगळं गुप्तच राहावं, त्याबद्दल वाद नाही. आदेश कोणी दिला, कोणाविरुद्ध दिला, कोणत्या कारणासाठी दिला, हे मात्र सत्तेबाहेरच्या कुणीतरी पाहिलंच पाहिजे.

भारतात ही मागणी काही भाबड्या लोकांची नाही. रॉचे संस्थापक रा. ना. काव यांच्या स्मृतिव्याख्यानात जानेवारी २०१० मध्ये तत्कालीन उपराष्ट्रपती हमीद अन्सारी यांनी संसदीय उत्तरदायित्वाची गरज मांडली. २०११ मध्ये खासदार मनीष तिवारी यांनी गुप्तचर संस्थांना कायद्याचा आधार, संसदीय देखरेख समिती आणि तक्रारींसाठी न्यायाधिकरण देणारं खासगी विधेयक आणलं. ते मंजूर झालं नाही. तेव्हा सत्तेत असलेल्यांनी ते पुढे नेलं नाही, नंतर आलेल्यांनीही नाही. पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने फोनवर पाळत ठेवल्याच्या आरोपांच्या प्रकरणात २७ ऑक्टोबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की राष्ट्रीय सुरक्षेचं नाव घेतलं म्हणून सरकारला दर वेळी सुटका मिळणार नाही.

तेव्हा हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की त्या विधेयकातल्या तीन तरतुदी घ्या: कायद्याचा आधार, संसदेची समिती, तक्रारीसाठी न्यायाधिकरण. यातल्या कोणत्या तरतुदीमुळे सीमेवरच्या जवानाला किंवा परदेशातल्या हेराला धोका होतो ते नेमकं दाखवा. त्यावर मुद्द्याला मुद्दा लावून बोलायला मी तयार आहे.