नोकरी हवी? मग १९ रकाने भरा

इंजिनिअर मित्रांनो, नोकरी बदलताय? अभिनंदन. आधी एवढं ठरवा: सगळ्यातलं थोडंथोडं येणारा जनरलिस्ट व्हायचंय, की एकातलं सगळं येणारा स्पेशालिस्ट? ठरलं? छान. समोरच्याला नेमका दुसरा हवाय.

स्पेशालिस्ट होणार असाल तर जन्मभर पुरेल असंच काही निवडा. फ्लॅश, म्हणजे ब्राउझरमध्ये अ‍ॅनिमेशन नि गेम चालवणारं सॉफ्टवेअर; त्यावर जगणाऱ्यांचं दुकान अडोबीनं ३१ डिसेंबर २०२० ला बंद केलं.

जनरलिस्ट असाल तर रजा टाकूनच मुलाखतीला जा. मी गेल्या गुरुवारी टाकली. पुण्यातलं हिंजवडी फेज थ्री, सकाळी साडेनऊचं ट्रॅफिक; पुढचं सांगत नाही. पोचलो तर रिसेप्शनला टॅबवर फॉर्म. १९ टेक्नॉलॉजी आणि प्रत्येकीपुढे ‘अनुभव (वर्षे)’. फास्टएपीआय (सर्व्हरचे प्रोग्रॅम लिहायचं एक साधन) यापुढे १.५ टाकलं तर रकाना लाल. “दोन टाका सर, सगळे टाकतात,” रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली. टाकत गेलो. बेरीज झाली ४७ वर्षं. माझं वय ३६. कुणाला काही वावगं वाटलं नाही. हे फास्टएपीआय ज्यानं बनवलं त्या सेबास्टियन रामिरेझनंच २०२० साली ट्विटरवर लिहिलं होतं, की चार वर्षांहून जास्त अनुभव मागणारी जाहिरात पाहिली, पण अर्ज करता येईना. ते बनवूनच दीड वर्ष झालेलं! त्याचाही रकाना लालच झाला असता.

तीन राउंड झाले. सर्व्हर सांभाळायचं कुबरनेटीस झालं, डेटाबेसचं एसक्यूएल झालं, वेबपेजचं रिअ‍ॅक्टसुद्धा झालं. शेवटी साहेब म्हणाले, “प्रोफाइल जरा जास्तच जनरलिस्ट वाटतंय.” अहो, जाहिरातीत १९ गोष्टी कुणी मागितल्या होत्या? आणि मार्चमध्ये दुसरीकडे ‘नुसतं बॅकएंडच (सर्व्हरकडचं काम) केलंय’ म्हणून घरी पाठवलं. तोच मी, तोच सीव्ही!

रात्री दोनला सिस्टिम झोपते तेव्हा मात्र कुणाला जनरलिस्टचं वावडं नसतं. मागच्या महिन्यात आमच्याकडे कॉलवर चार स्पेशालिस्ट. डेटाबेसवाला म्हणतो माझ्याकडून ओके, नेटवर्कवाला म्हणतो माझ्याकडून ओके. पावणेचारला मला उठवलं. लॉगनं, म्हणजे सिस्टिम स्वतःच लिहीत बसते त्या नोंदींनी, डिस्क भरली होती. बस्स.

त्या चौघांवर माझा राग नाही. राग तुमच्यावर आहे, भरती करणाऱ्यांवर. चौघांचं काम एका पगारात हवंय ना? मग तसं तोंडानं सांगा. पगार ठरवताना ‘स्पेशलायझेशन नाही’ आणि काम वाटताना ‘तुला सगळं येतं ना’! थोडी तरी लाज बाळगा. लोकांच्या रजा, पेट्रोल आणि दिवस फुकट घालवताय तुम्ही. आणि आधी तो फॉर्म दुरुस्त करा. त्यात दीड लिहिता आलं पाहिजे.