बर्चच्या काठ्या आणि गगनयानाचा उशीर

कझाकस्तानातल्या करागंडा शहरात येऊन मला आता दहा वर्षे होत आली. नाशिकला फोन केला की अलीकडे एकच वाद कानावर येतो. माझ्या आतेभावाचे म्हणणे असे, की गगनयानाला, म्हणजे भारतीयांना अंतराळात नेण्याच्या आपल्या मोहिमेला, आधीच इतका उशीर झालेला असताना आपल्या चार वैमानिकांना 2020-21 मध्ये मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत अंतराळवीरांच्या प्रशिक्षणाला वर्षभर पाठवून रशियाच्या भंगारातून आपण शिकलो तरी काय? आतोबांचे मत नेमके उलट. राकेश शर्मा 1984 साली रशियाच्या सोयूझ यानातूनच गेले, हे त्यांचे पहिले आणि शेवटचे उत्तर असते. अतिथंड इंधनावर चालणाऱ्या क्रायोजेनिक रॉकेट-इंजिनांचे तंत्रज्ञान द्यायचे कबूल करून 1993 मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली याच मित्राने हात आखडता घेतला आणि तयार इंजिने तेवढी दिली, ही गोष्ट मात्र ते सोयीस्करपणे गाळतात.

इथे ना कुणी रशियाचे गुण गातो ना त्याला भंगार म्हणतो. कझाकस्तानातले अंतराळ-उड्डाण केंद्र बैकोनूर म्हणजे रशियाने 2050 पर्यंत वर्षाला साडेअकरा कोटी डॉलर भाड्याने घेतलेली जमीन, आणि 2013 साली उड्डाण होताच कोसळलेल्या प्रोटॉन रॉकेटमधले हेप्टिल हे विषारी इंधन. माझ्या सहकाऱ्यांच्या गप्पांत अंतराळाचा विषय निघतो तो असा.

सोयूझ जुने आहे, यात शंका नाही. यानाला वर नेणारे त्याच नावाचे रॉकेट 1957 साली स्पुटनिक नेणाऱ्या आर-7 रॉकेटचेच वंशज. आजही त्याच्या खालच्या इंजिनांच्या ज्वलनकक्षांत बर्च झाडाच्या लाकडी काठ्यांवर बसवलेली स्फोटक दारू पेटवतात. तिच्या आचेने बारीक तार तुटली की ती पेटल्याची खूण मिळते आणि मगच इंधन पुढे सरकते. आतेभावाला हे सांगितले तेव्हा तो हसला. मला त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही, कारण बिघडण्याजोगे त्यात फारसे काही नाहीच.

11 ऑक्टोबर 2018 चा दिवस मला चांगला आठवतो. सोयूझ एमएस-10 उडाल्यावर दोनच मिनिटांत रॉकेटच्या बाजूचा एक बूस्टर, म्हणजे जोर देणारा जोड-भाग, नीट सुटला नाही आणि मधल्या भागावर आदळला. जोडणीच्या वेळी वाकलेली संवेदकाची एक खीळ त्याला कारण ठरली. संकटात अंतराळवीरांची कुपी ओढून दूर नेणारा अग्रभागीचा सुटकेचा मनोरा तोवर टाकून दिलेला होता, तरी आवरणावरच्या राखीव मोटारींनी ती कुपी वेगळी काढली. शरीराच्या वजनाच्या सहापटीहून अधिक दाब सोसून अलेक्सेई ओवचिनिन आणि निक हेग झेझकाझगानजवळच्या माळरानावर सुखरूप उतरले, आणि तेच दोघे मार्च 2019 मध्ये सोयूझमधूनच पुन्हा वर गेले. 1983 साली उड्डाणतळावरच सोयूझच्या रॉकेटला आग लागली असतानाही माणसे अशीच वाचली होती. म्हणून गगनयानाच्या उशिरावर तावातावाने बोलणाऱ्यांनी ऑक्टोबर 2023 मध्ये श्रीहरिकोट्याहून झालेल्या सुटका-यंत्रणेच्या चाचणीकडे पाहावे, असे मला वाटते. तशा चाचण्या आणखी करायच्या म्हणून वर्ष लागत असेल तर लागू द्यावे.

आतोबांशी माझे जमत नाही ते वेगळ्या कारणाने. 27 नोव्हेंबर 2025 रोजी बैकोनूरहून सोयूझ एमएस-28 ठरल्या वेळी उडाले, अंतराळवीर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोहोचलेही. पण उड्डाणानंतर पाहतात तो उड्डाणतळाखालचा दुरुस्तीचा अवजड मंच रॉकेटच्या ज्वाळा वाहून नेणाऱ्या खंदकात कोसळलेला. गागारिन जिथून गेला तो तळ आधीच बंद केलेला असल्यामुळे माणसे पाठवायला दुसरी जागा उरली नव्हती. यात यानाचे वय आड आले नाही. यान उत्तम चालले, आणि ज्याची देखभाल माणसांनी करायची तेच ढासळले.

त्या मंचाचे छायाचित्र मी दोघांनाही पाठवले. आतेभावाने लगेच उत्तर दिले, ‘म्हणालो नव्हतो, भंगार!’ आतोबांनी ते पाहिले, आणि रात्री फोनवर करागंड्यात थंडी किती आहे तेवढे विचारले.