कोयनेचा तडा १९६७चा आहे, कालचा नव्हे

पाटण-कोयनानगरकडे जमीन जरा हलली की तासाभरात तोच मेसेज येतो: ‘कोयना धरणाला तडे गेलेत, आतून पाणी झिरपतंय, सरकार लपवतंय, आज रात्री मोठा धक्का येणार.’ तो ऐकला की आमची आजी अंथरुणात उठून बसते. ११ डिसेंबर १९६७ची ती पहाट, चार वाजून एकवीस मिनिटं, तिच्या अंगावर अजून आहे. मांडणीवरची भांडी किणकिणली तरी तिला धाप लागते. म्हणून हे लिहितोय.

तडे गेले होते, हे खरंच आहे. त्या भूकंपात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. धरणाच्या सांडव्याबाहेरच्या (सांडवा म्हणजे जादा पाणी सोडायची वाट) उंच भागात, जिथे मागचा उतार एकदम बदलतो नेमक्या त्या पातळीला, आडवे तडे पडले. पण लपवलं कुणी? काँक्रीटचं धरण भूकंपात कसं वागतं हे शिकवताना जगभर आजही कोयनेचं उदाहरण घेतात. तड्यांत इपॉक्सी, म्हणजे घट्ट चिकटणारं रसायन, भरलं, मागून काँक्रीटचे भक्कम टेकू दिले. पुढे २००६पर्यंत सांडव्याचा भागही मजबूत केला.

झिरपण्याचं म्हणाल, तर १०३ मीटर उंच धरणाच्या पोटात पाहणीसाठी गॅलरी असते. पाणी थोडं झिरपतंच आणि ते मुद्दाम तिथे काढून घेतात, कारण पायाखाली कोंडलं तर ते धरणाला वर रेटतं. गॅलरीतल्या नालीत व्हीच्या आकाराची खाच असते, तिच्यावरून किती पाणी जातंय ते मोजतात. नुसती ओल दिसली म्हणून घाबरू नका. झिरपा एकाएकी वाढला, तर काळजी.

‘आज रात्री’ हे तर साफ खोटं. भूकंपाची वेळ आधी सांगणं जगात कुणालाच जमलेलं नाही. जलाशय भरू लागल्यावर इथले धक्के वाढले, हे शास्त्रज्ञांनीच सांगितलं. त्याचा माग काढायला गोठणे गावात तीन किलोमीटर खोल बोअर घेतलं. त्यातूनही तारीख-वार निघत नाही.

आणि पावसाळ्यात दरवाजे उचलले म्हणजे धरण फुटायला आलं, असं नव्हे. साठा १०५ टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) आत राखायला ते फुटाफुटाने उचलतात. खालच्या पाटण, कराड, सांगलीकरांनी बघायचं ते हेच: विसर्ग किती क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सोडतायत. पूर त्याने येतो. पाठवायचाच असेल तर तो आकडा पाठवा.

परवाच्या धक्क्यानंतर आजीला तोच आकडा वाचून दाखवला. पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक, सहाही दरवाजे बंद. ‘बंद हायत न्हवं?’ तिने दोनदा विचारलं, आणि मग आडवी झाली.