‘ऊन गरीब-श्रीमंत बघत नाही’ या मेसेजला उत्तर

दर उन्हाळ्यात एक मेसेज फिरतो. त्याचा सारांश असा: ऊन सगळ्यांना सारखंच लागतं. वस्तीतल्या लोकांनी पत्र्याला पांढरा रंग मारावा, पंखा लावून भरपूर पाणी प्यावं, दारात झाड लावावं. यात न्याय-अन्याय आणू नये. बरेच जण तो चांगल्या हेतूने पुढे पाठवतात, म्हणून एकेक मुद्दा नीट तपासायला हवा.

‘ऊन सगळ्यांना सारखंच.’ सूर्य एकच आहे, पण तापणारी जमीन एकसारखी नाही. 1930च्या दशकात अमेरिकेत सरकारी नकाशांवर गरीब आणि कृष्णवर्णीय वस्त्या ‘कर्जाला धोकादायक’ म्हणून लाल रंगात दाखवल्या गेल्या. अशा 108 शहरांचा अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या 94 टक्के शहरांत या लाल वस्त्यांची जमीन आजही इतर भागांपेक्षा जास्त तापते, काही ठिकाणी तर 7 अंशांपर्यंत. बागा कुठे झाल्या आणि डांबर कुठे पडलं, हे माणसांनी ठरवलं होतं. शिवाय बातम्यांमध्ये सांगतात ते तापमान मोकळ्या जागी, सावलीतल्या पेटीत मोजलेलं असतं. पत्र्याखालच्या खोलीचं तापमान त्यात येत नाही.

‘पांढरा रंग मारा, प्रश्न मिटला.’ रंगाचा उपयोग होतो, आणि तो जरूर मारावा. भर उन्हात पत्रा 60-70 अंशांपर्यंत तापतो आणि खालच्या माणसाच्या डोक्यावर शेक देतो. चांगल्या परावर्तक (ऊन परतवणाऱ्या) रंगाने खोली दुपारी साधारण 2 ते 5 अंशांनी उतरते. मात्र काम नीट झालं तरच. गंज तारेच्या ब्रशने घासून काढायचा, पत्रा धुवून पूर्ण वाळवायचा, गंजलेल्या जागी प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर) लावायचा आणि मग रंगाचे दोन हात द्यायचे. नव्या चकचकीत पत्र्याला गॅल्वनाइज्ड (जस्ताचा थर दिलेल्या) पत्र्यासाठीचा वेगळा प्रायमर लागतो, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. नुसता चुना पत्र्यावर धरत नाही. रंग सकाळी लवकर लावावा. तापलेल्या पत्र्यावर तो ब्रशखालीच सुकतो आणि चिकटत नाही. रंग किती लागेल ते काढताना पत्र्याच्या नाल्या आणि दोन्ही हात धरावेत. पुढे धूळ बसली की परावर्तन घटतं, म्हणून उन्हाळ्याआधी छप्पर धुवावंच लागतं.

सिमेंटचा जुना पत्रा असेल तर तो कोरडा घासू नये. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याचे तंतू फुप्फुसात जातात. अशा पत्र्यावर थेट पायही देऊ नये, तो अचानक तुटतो. खालच्या वाशांवर आडवी फळी टाकून तिच्यावरूनच चालावं.

इतकं केल्यावरही 42 अंशांची खोली 38 वर येते. तीही राहण्याजोगी नाही. पत्र्याखाली 10-15 सेंटिमीटर मोकळी फट सोडून बांबूच्या चटईचं किंवा प्लायचं दुसरं छत घातलं आणि फटीची दोन्ही टोकं उघडी ठेवली, तर आणखी फरक पडतो. थर्माकोल वापरू नये, तो पटकन पेट घेतो. पण भाडेकरूला छताला हात लावायची परवानगी नसते, आणि ‘बेकायदा’ ठरवलेल्या घरावर उद्या बुलडोझर येणार असेल तर कोण खर्च करील?

‘पंखा लावा, पाणी प्या.’ हवा 40 अंशांच्या वर गेली की पंखा अंगावर गरम हवाच फेकतो. जागतिक आरोग्य संघटना हीच मर्यादा सांगते. अंग ओल्या फडक्याने पुसत राहावं. ओला पडदा कोरड्या हवेत खोली थंड करतो, दमट हवेत त्याचा उपयोग नाही. आणि पाण्याचं म्हणाल, तर जिथे शौचालय लांब किंवा असुरक्षित आहे तिथे बायका मुद्दाम कमी पाणी पितात. त्यांना ‘पाणी प्या’ सांगण्याआधी जवळ, दिवे असलेलं शौचालय द्यायला हवं.

‘दारात झाड लावा.’ दार चार फुटी गल्लीत उघडतं आणि गल्लीखालून गटार जातं. झाडाला मुळं पसरायला माती हवी, पहिली दोन-तीन वर्षं नियमित पाणी हवं. तोवर गल्लीवर, बंब आणि रुग्णवाहिकेची वाट न अडवता, उंचावर ताणलेलं सावलीचं कापड त्याच उन्हाळ्यात उपयोगी पडतं.

‘यात न्याय-अन्याय आणू नका.’ रंग, छत, पाणी, शौचालय, सावली यांतली प्रत्येक गोष्ट पालिकेचं बजेट आणि जमिनीचा हक्क यांच्यापाशीच येऊन थांबते. ते मागायला आकडे लागतात. साधा थर्मामीटर खोलीच्या मध्यभागी, छातीच्या उंचीवर, भिंत-पत्र्याला न टेकवता टांगा. दुपारी 2 आणि रात्री 10 वाजता नोंद करा. तशीच नोंद बाहेर सावलीत घ्या. दहा-बारा घरांनी दोन आठवडे हे केलं, की तो तक्ता निवेदनाला जोडून वॉर्ड ऑफिसात द्या आणि पोच घ्या.