गाडी सर्व्हिसिंगला कुठे टाकायची?

आमच्या घरच्या ग्रुपवर निवडणुकीखालोखाल भांडण होतं ते गाडीच्या सर्व्हिसिंगवरून. या वेळी निमित्त झालं पुण्यातल्या भाच्याचं. त्याच्या गाडीची वॉरंटी संपत आलीये. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने हातात दिलेल्या एस्टिमेटचा फोटो त्याने टाकला. ऑइल, फिल्टर, ब्रेक तपासणी इथवर ठीक. पण त्याखाली इंजिन डिकार्बनायझेशन (आतली काजळी काढणं), थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग (गाडीच्या बुडाला गंजरोधक लेप) आणि शेवटी इंजिन ड्रेसिंग, म्हणजे बोनेटखालच्या प्लॅस्टिकला चकाकी आणणं. गाडी अजून तीन वर्षांचीसुद्धा नाही.

दादाचं म्हणणं, वॉरंटी संपली की नाना पेठेतल्या आपल्या माणसाकडे न्यायची, तो काम चालू असताना समोर उभं राहू देतो. वहिनीचं म्हणणं, विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक कंपनीचं रेकॉर्ड मागेल. मग कुणीतरी मला विचारलंच, तिकडे लंडनला तुम्ही काय करता? (मी रेडिंगला राहते. पुण्याहून बघितलं की सगळं इंग्लंड लंडनच असतं.)

मी गाडी बाहेर टाकते. पण ‘बाहेर’ म्हणजे कोपऱ्यावरच्या कुठल्याही गॅरेजात नाही. इथे ‘इंडिपेंडंट स्पेशालिस्ट’ नावाची एक जमात आहे. मोठ्या डीलरकडे वर्षानुवर्षं एकाच कंपनीच्या गाड्या खोललेला माणूस नोकरी सोडतो, औद्योगिक वसाहतीत एक गाळा घेतो आणि त्याच गाड्यांचं काम करतो. माझा त्यातलाच. दोन लिफ्ट, एक कुत्रा आणि त्या कंपनीच्या गाड्यांतला बिघाड वाचणारा स्कॅनर. मागच्या खेपेला त्याने चाक काढून ब्रेक पॅड दाखवले, मापाची पट्टी लावली आणि म्हणाला, हा हिवाळा निघेल, आत्ता बदलू नका. डीलरकडून याच पॅडबद्दल मला व्हिडिओ आला होता. छान चित्रित केलेला, शेजारी इशाऱ्याचा पिवळा रंग आणि ‘आजच बदलल्यास सवलत’. शिवाय तिथला सर्व्हिस ॲडव्हायझर माझ्या प्रश्नांची उत्तरं माझ्या नवऱ्याकडे बघून देतो. नवऱ्याला गाडीतलं फक्त संगीत कळतं.

स्पेशालिस्ट का हवा, साधा गॅरेजवाला का नको, याचं उत्तम उदाहरण म्हणजे फोर्डचं एक लिटरचं इकोबूस्ट इंजिन. इथल्या रस्त्यांवर ते भरपूर दिसतं. त्याच्या बऱ्याच आवृत्त्यांत टायमिंग बेल्ट (इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारा रबरी पट्टा) इंजिन ऑइलमध्ये बुडून फिरतो. नेमक्या प्रतीचं ऑइल घातलं नाही किंवा बदलायला उशीर केला, तर रबर झडतं, त्याचा चुरा ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो, ऑइलचा दाब पडतो आणि इंजिन जातं. ऑइलच्या डब्यावरचं बारीक अक्षर वाचणारा माणूस हवा तो इथे. त्याच्या शर्टावर कंपनीचा बिल्ला असला काय, नसला काय.

आता हा माझा निर्णय उचलून पुण्याला पाठवता येईल का? मला नाही वाटत. कारण दोन्हीकडच्या बिलांचा हिशेबच वेगळा आहे.

इथल्या बिलात सगळ्यात जाड ओळ मजुरीची. माझ्या भागात डीलरचा तासाचा दर दीडशे पौंडांच्या पुढे गेलाय, स्पेशालिस्ट त्याच्या निम्म्याच्या आसपास घेतो. वर दोघांवर वीस टक्के व्हॅट. म्हणजे बाहेर गेलं की पैसे वाचतात ते तासांत, आणि तास कुणालाही मोजता येतात. आपल्याकडे मजुरी स्वस्त. तीन सर्व्हिसिंग तर मजुरीविना ‘फ्री’ असतात. मग सर्व्हिस सेंटर कमावणार कुठून? पार्टमधून, आणि त्या डिकार्बनायझेशनच्या यादीतून. त्यामुळे पुण्यात बाहेर गेलात तर मजुरीत फार काही वाचत नाही, नको असलेली कामं वाचतात. धोका मात्र दुसऱ्या बाजूने येतो, डुप्लिकेट पार्टचा. इथे माझ्या माणसाने बॉश किंवा मान या कंपन्यांचा फिल्टर मागवला की तो घाऊक दुकानातून तासाभरात बिलासकट येतो. नाना पेठेतही अस्सल पार्ट मिळतो, पण शेजारच्याच दुकानात तशाच खोक्यातला नकलीही मिळू शकतो. हा फरक ओळखणारी नजर दादाकडे आहे. भाच्याकडे नाही.

दुसरा फरक वॉरंटीचा. नवी गाडी बाहेर सर्व्हिस केली एवढ्याच कारणाने कंपनीने वॉरंटी नाकारू नये, हे तत्त्व इथल्या स्पर्धा कायद्यात बसवलेलं आहे. आधी ते युरोपीय संघाच्या नियमांतून आलं; ब्रेक्झिटनंतर ब्रिटनने १ जून २०२३ पासून स्वतःचा आदेश काढून ते चालू ठेवलं. वेळापत्रक कंपनीचं पाळायचं, ऑइल आणि पार्ट त्या दर्जाचे वापरायचे, बिलं जपायची. कंपन्यांनीही यावर तोड काढलीच आहे. टोयोटा आपल्या डीलरकडे सर्व्हिस करणाऱ्याला दर सर्व्हिसमागे वर्षाची वॉरंटी वाढवून देते, दहा वर्षं किंवा एक लाख मैल होईपर्यंत. धमकीपेक्षा आमिष बरं, असं माझं मत. माझ्याकडे टोयोटा असती तर मी निमूट डीलरकडे गेले असते.

आपल्याकडे हा प्रश्न कुणी विचारलाच नाही असं नाही. २०११ साली एका गाडीमालकाने स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की कंपन्या सुटे पार्ट आणि तपासणीची साधनं बाहेरच्या मेकॅनिकला देत नाहीत. २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगाने चौदा कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. कंपन्यांचा बचाव होता की अडाणी हातात पार्ट गेले तर गाडी धोकादायक होईल. मग ते हात शिकवायचे कुणी? पुढे प्रकरण अपिलांत गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. पण पोर्टलवर माहिती असणं वेगळं आणि नाना पेठेतल्या गॅरेजात कंपनीच्या स्कॅनरइतकं खोल बघता येणं वेगळं.

आणि वहिनीचा मुद्दा ग्रुपवर सगळ्यांनी हसण्यावारी नेला, तो मला सगळ्यात वजनदार वाटतो. इथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी नावाची तपासणी सक्तीची. कारसाठी जास्तीत जास्त ५४.८५ पौंड. टायर, ब्रेक, दिवे, सस्पेन्शन, गंज, धूर असं सगळं बघतात. तिचा निकाल सरकारी संकेतस्थळावर जातो. नंबर प्लेट टाकली की कुणालाही फुकट दिसतं, कुठल्या वर्षी गाडी नापास झाली, कशामुळे, आणि तेव्हा मीटरवर किती मैल होते. मीटर मागे फिरवणाऱ्याची मोठीच पंचाईत. ज्यांना गॅरेजवाल्याचा भरवसा नाही ते नगरपालिकेच्या तपासणी केंद्रावर जातात. तिथे बहुतेक ठिकाणी दुरुस्ती करतच नाहीत, त्यामुळे मुद्दाम नापास करण्यात कुणाचा फायदा नसतो. ही युक्ती मला ऑफिसातल्या एका पंजाबी काकांनी सांगितली.

आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. तोवर फिटनेस तपासणी नाही, आणि पीयूसी फक्त धूर बघते. म्हणजे गाडीच्या प्रकृतीची, किलोमीटरसकट, तारीखवार नोंद ठेवणारं कंपनीच्या सर्व्हिस सेंटरखेरीज कुणी नाही. त्या नोंदीसाठी वहिनी जास्तीचे पैसे मोजायला तयार आहे, तर ती भोळी नाही. जे काम इथे सरकार पंचावन्न पौंडांत करतं, ते तिला डिकार्बनायझेशनच्या भावात विकत घ्यावं लागतंय, एवढंच.

डीलरला पर्याय नाही असंही काही असतं. जून २०२५ मध्ये ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅगमुळे इथल्या सिट्रोएन सी३ आणि डीएस३च्या मालकांना गाडी चालवूच नका असं कळवण्यात आलं. तेव्हा माझ्या स्पेशालिस्टसारखे लोक काहीच करू शकत नव्हते. रिकॉलचं, म्हणजे सदोष गाड्या परत बोलावून दुरुस्त करण्याचं, काम कंपनीकडेच. सॉफ्टवेअरचंही बरंचसं तसंच. इलेक्ट्रिक गाड्या वाढतील तसा हा तराजू आणखी कंपनीकडे झुकेल, कारण उच्च विद्युतदाबाच्या बॅटरीला हात लावायचं प्रशिक्षण घेतलेली बाहेरची माणसं इथेही अजून कमीच.

भाच्याला मी लिहिलं ते असं. वॉरंटी आहे तोवर कंपनीकडेच जा, पण ओनर्स मॅन्युअलमधला किलोमीटरचा तक्ता उघडून ने आणि त्यात नाही ते जॉब कार्डवरून खोडायला लाव. नंतर तुझ्याच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून बाहेर पडलेला, स्वतःचं गॅरेज काढलेला माणूस शोध. पुण्यात असे आहेत. पार्टचं बिल आणि खोकं माग, दर बिलावर तारीख आणि किलोमीटर लिहून घे. दादाचा माणूस चांगला आहे, पण तो जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांवर मोठा झालाय. तुझ्या टर्बो इंजिनाला दुसरा हवा.

भाच्याने इंजिन ड्रेसिंगसकट सगळं खोडलं, अंडरबॉडी कोटिंग तेवढं ठेवलं. त्यावरून दादाने मला लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवला. पण वहिनीचं माहेर रत्नागिरीचं, गाडी सुट्टीभर तिथल्या खाऱ्या हवेत उभी असते. त्या एका ओळीचे पैसे मीही दिले असते.